तलवारवरची तक्रार आणि साहेबाची बदली

आपल्या रबाळ्याच्या एमआयडीसीत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. मशीनवर अपघात झाला की पहिला गेटपास कुणाचा बंद होतो? हेल्परचा. मेंटेनन्सची तारीख उलटून गेल्याचा कागद ज्या साहेबाच्या टेबलावर पडून होता, त्याची फार तर दुसऱ्या प्लांटला बदली होते.

परवा असाच विषय निघाला तेव्हा एकाने लिहिलं, "लष्करात असलं चालत नाही. तिथं साहेब असो की शिपाई, कामात कसूर केली की सरळ कोर्ट मार्शल." वाचायला छान वाटतं. पण आपल्याच मुंबईत, आपल्याच समुद्रावर काय घडलं ते माहीत असेल तर हे वाक्य इतक्या सहज लिहिता येत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

गोष्ट १९४६ ची. कुलाब्याला ब्रिटिश हिंदी नौदलाची 'तलवार' नावाची संस्था होती. नावापुढे जहाजासारखं एचएमआयएस असलं तरी ते जहाज नव्हतं. जमिनीवरची शाळा होती, बिनतारी संदेशाचं शिक्षण देणारी. हजाराहून जास्त नौसैनिक तिथे राहायचे. पोरं शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी. दुसरं महायुद्ध संपलं होतं. घरी कधी सोडणार, पुढे नोकरीचं काय, काही पत्ता नव्हता. पगार गोऱ्या नौसैनिकापेक्षा कमी. आणि जेवण? डाळीत खडे, भाजी नासकी. तक्रार केली की "भिकाऱ्यांना निवड नसते" अशा थाटाचं उत्तर.

१ डिसेंबर १९४५ ला नौदल दिन होता, लोकांना आत येऊन बघायची परवानगी होती. सकाळी उठून बघतात तर भिंतींवर 'भारत छोडो' आणि 'इन्किलाब'च्या घोषणा. पुढे २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक भेटीला येणार, त्याच सुमारास बलाई चंद दत्त हा टेलिग्राफिस्ट पकडला गेला.

तोवर तलवारवर कमांडर फ्रेडरिक किंग हा नवा प्रमुख आलेला. ८ फेब्रुवारीला तो बराकीत शिरला. पोरं उठून उभी राहिली नाहीत, की त्याला तसं वाटलं, पण त्याने शिव्या सुरू केल्या. कुलींची पोरं, जंगली आणि त्याहून वाईट, आईवरून जाणाऱ्या.

यापुढचा भाग लोक सांगतच नाहीत. घोषणा, झेंडे, गोळीबार सगळ्यांना पाठ असतो. मधल्या आठ-दहा दिवसांचं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

या पोरांनी लगेच दंगा केला नाही. त्यांनी नियम पाळला. नौदलात सामूहिक तक्रार करता येत नव्हती. दहा जणांनी मिळून एक अर्ज दिला की ते बंड ठरायचं. म्हणून काही जणांनी स्वतंत्रपणे, एकेकट्याने, आपापल्या नावाने तक्रारी दिल्या. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. तक्रार वर चढत चढत कुणाकडे गेली? किंगकडे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर! आठवडा असाच गेला. १६ तारखेला, शनिवारी, किंगने त्यांना समोर उभं केलं आणि सुनावलं की वरिष्ठाविरुद्ध खोटी तक्रार करणं हा मोठा गुन्हा आहे. विचार करा, असं म्हणून मुदत दिली. म्हणजे मागे घ्या.

अधिकाऱ्याची ड्युटी म्हणजे नेमकं काय? सलामी घेणं ही ड्युटी नाही, तो मान आहे. हाताखालच्या माणसाला नीट खायला मिळतंय का बघणं, त्याची तक्रार ऐकणं, ती आपल्याविरुद्ध असेल तर मुकाट्याने वर पाठवणं, ही ड्युटी. किंगने तीच केली नाही. संत्री पहाऱ्यावर झोपला तर त्याला कर्तव्यच्युती म्हणतात. साहेब तक्रारीवर आठवडाभर झोपला तर त्याला मात्र कुणी तो शब्द लावत नाही, 'परिस्थिती हाताळण्यात कमी पडले' म्हणतात.

रविवारी, १७ तारखेला, पोरांनी जेवण नाकारलं. सोमवारी, १८ फेब्रुवारीला सकाळी, जेवण नाही तर काम नाही. बस्स. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी कॅसल बॅरॅक्स आणि बंदरातली जहाजं सामील झाली, मध्यवर्ती संप समिती झाली, एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष, एक मुसलमान आणि एक शीख. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे. कराचीपासून कलकत्त्यापर्यंत सुमारे ७८ जहाजं, २० तळ आणि २०,००० नौसैनिक. मागण्यांत चांगलं जेवण आणि समान पगार होता, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि किंगवर कारवाई होती.

किंगला तलवारवरून हलवलं, पण कधी? संप पेटल्यावर. एकेकट्याने, नियमाने दिलेल्या अर्जांनी जे झालं नाही ते कायदा मोडल्यावर चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत झालं. यातून त्या पोरांनी काय धडा घ्यायचा, तुम्हीच सांगा.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळ्या चालल्या. व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रेने रेडिओवरून धमकी दिली की सरकार सगळी ताकद लावेल, मग नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. २२ ला मुंबई बंद. लालबाग-परळचा गिरणगाव रस्त्यावर आला. आज नवी मुंबईत राहणाऱ्या कितीतरी घरांचे आजोबा-पणजोबा त्या गर्दीत असतील. परळला गोळीबारात कमल दोंदे गेल्या. दोन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. आणि नौदलाच्या पुस्तकात सुरुवात कशी लिहिली गेली? जेवणावरून.

२३ तारखेला सकाळी नौसैनिकांनी शरणागती पत्करली. सरदार पटेलांनी निरोप दिला होता की शस्त्रं खाली ठेवा, सूडबुद्धीने कारवाई होऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करील. जिनांचाही सल्ला शरण जाण्याचाच होता.

मग चौकशी आयोग बसला. अध्यक्ष पाटण्याचे मुख्य न्यायमूर्ती सर सय्यद फझल अली, सोबत न्या. मेहरचंद महाजन आणि न्या. कृष्णस्वामी अय्यंगार, शिवाय एक ब्रिटिश अॅडमिरल आणि एक ब्रिटिश मेजर जनरल. आयोगाने मूळ कारण म्हणून नौदलातला असंतोष दाखवला. जेवण, पगार, वर्णभेद, अधिकारी आणि नौसैनिकांमधली दरी. किंगची भाषा आणि तक्रारी हाताळायची पद्धत, याचीही दखल घेतली. म्हणजे पोरांचं म्हणणं खरं होतं हे सरकारच्याच आयोगाने कागदावर मान्य केलं. एवढं होऊन ४७६ नौसैनिकांना नौदलातून काढलं. स्वातंत्र्य आलं, देश दोन झाले, पण त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं ना पाकिस्तानच्या.

आता कुणी म्हणेल, ते इंग्रजांचं राज्य, त्यात न्यायाची काय अपेक्षा. मग आपल्या राज्याचं उदाहरण घेऊ.

मुरूडला गेलात तर जंजिऱ्यासमोर समुद्रात एक छोटा किल्ला दिसतो, पद्मदुर्ग. सिद्दीच्या छातीवर महाराजांनी बांधलेला. त्याच्या रक्षणाला आरमार जायचं होतं. दौलतखान आणि दर्यासारंग आरमाराचे सरदार. त्यांना पैसा आणि धान्य द्यायचं काम मोरोपंत पेशव्यांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्यावर सोपवलं होतं. सुभेदारांनी दिलं नाही. आरमार अडून राहिलं आणि तिकडे पद्मदुर्गावरची माणसं सिद्दीच्या तोंडी.

जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी सुभेदाराला जे पत्र लिहिलं ते आजही अंगावर येतं. शब्दशः देत नाही, आशय सांगतो. रसद वेळेवर न देऊन तुम्ही शत्रूचंच काम केलंत. सिद्दीने तुम्हाला काही चारलं की काय, म्हणून त्याचे चाकर झालात? अशा चाकरांना ताळ्यावर आणलं पाहिजे. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, ब्राह्मण म्हणून तुमची कुणी भीड ठेवणार नाही.

हे पत्र लोक जातीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी वापरतात. मला त्याचा कंटाळा आलाय. त्या पत्रात जबाबदारी कुठे ठेवलीय ते बघा. आरमार वेळेवर पोहोचलं नाही म्हणून दौलतखानाला धारेवर धरणं सोपं होतं, तो समोर दिसत होता. महाराजांनी विचारलं, अडलं कुठे? धान्याची कोठी कुणाच्या हातात होती? कार्यालयात बसून ज्याने हलगर्जी केली, बोट त्याच्याकडे गेलं. आणि पद, जात, ओळख यांची सवलत नाही, हे आधीच सांगून टाकलं.

सगळं तिथेही सरळ नव्हतं, हेही सांगतो. आपल्या आगरी-कोळी भागात लाय पाटलांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. परंपरा अशी सांगते की या सोनकोळी बहाद्दराने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांच्या सैन्याची वाट बघत बसला. सैन्य वेळेवर आलंच नाही. पहाट व्हायला लागली तशा शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी लाय पाटलांचा गौरव केला, पालखी देऊ केली. ते म्हणाले, दर्यात फिरणारा माणूस मी, पालखी घेऊन काय करू? तेव्हा 'पालखी' नावाचं गलबत त्यांना दिलं, असं सांगतात. म्हणजे कामगिरी फसली तरी जीवावर उदार झालेल्या माणसाच्या माथी खापर फोडलं नाही. पण उशीर झालेल्या पंतांना कुणी काय विचारलं, ते मात्र गोष्ट सांगत नाही. गोष्टीसुद्धा साहेबांना सांभाळून घेतात!

आता अलीकडचं. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला, १८ जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर झाला, लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. जवळपास दीड वर्षाचा कार्यकाळ शिल्लक होता.

जोशींना मी मानतो. १९४६ च्या गॉडफ्रेच्या शेजारी हे नाव ठेवून बघा, फरक कळेल. पण राजीनाम्याने माझं समाधान होत नाही, हेही खरं. सर्वात वरच्या माणसाने मान पुढे केली की मधले सगळे सुटतात. दुरुस्ती कुणी अडवली, सुटे भाग कुणामुळे रखडले, कुठल्या मंत्रालयात फाईल किती महिने पडून होती, हे प्रश्न एका राजीनाम्याखाली दबतात. सुभेदाराला विचारायचा प्रश्न पेशव्याच्या राजीनाम्याने सुटत नाही. आणि अधिकाऱ्यावरही अन्याय होता कामा नये. ज्याच्या हातात पैसा नाही, मंजुरी नाही, त्याला जबाबदार धरणं हा हेल्परचा गेटपास बंद करण्याचाच प्रकार, फक्त खांद्यावर पट्ट्या जास्त.

कायदा मात्र सुधारलाय, ते मान्य करायला हवं. १९५० च्या सेना कायद्यात कलम २६ आहे. त्यानुसार जवानाने तक्रार आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे करायची. पण तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर थेट त्याच्या वरच्याकडे जाता येतं. तलवारवर जे नव्हतं ते हेच. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणही आलं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. कागदावर दार उघडं आहे. खोट्या तक्रारीला शिक्षा आजही आहे, ती असायलाही हवी. फक्त 'खोटी' हे ठरवणारा माणूस दुसरा कुणी हवा.

त्या ४७६ जणांचं पुढे काय झालं? बलाई चंद दत्त मुंबईतच राहिले, पत्रकारितेत गेले. सत्तरच्या दशकात या नौसैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली. कुलाब्याला कूपरेजजवळ नौदल उठावाचं स्मारक आहे. नौदलाने आपल्या दोन टग बोटींना नावं दिली, एक 'मदन सिंग', दुसरी 'बी. सी. दत्त'. ज्यांना गोदीच्या दाराबाहेर काढलं, त्यांच्या नावाच्या बोटींनी मोठमोठ्या युद्धनौका धक्क्याला ओढून आणल्या.

शेवटी एक विनंती. त्या काळच्या नौदलात रत्नागिरी आणि कोकणपट्टीची पोरं भरपूर होती, मुसलमान घरांतली तर पिढ्यान्पिढ्या. त्यांची नातवंडं आज रबाळे, घणसोली, ऐरोली, तळवलीत राहत असणार. तुमच्या घरात कुणी तलवारवर, कॅसल बॅरॅक्समध्ये किंवा बंदरातल्या जहाजावर होतं का? काढून टाकल्याचं पत्र, जुना फोटो, सर्व्हिस बुक, काहीही. असेल तर मला मेसेज करा, मी घरी येऊन स्कॅन करून घेईन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.