कायदा कोणी केला?

मागच्या दिवाळीत मेहकरला गेलो होतो. मोठेबाबा एका कार्यालयातून तणतणतच घरी आले. शेताच्या कामासाठी त्यांच्याकडे एक जास्तीचा दाखला मागितला होता.

"मी कायदा वाचून गेलतो. त्याच्यात असं काही नाही. बाबू म्हणते, परिपत्रक आलं. दाखव म्हटलं तर दाखवत नाही. कायदा कोण करते रे, आमदार का बाबू?"

मी कधीकाळी वकिलीची परीक्षा दिली होती, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तर मंडळी, उत्तर सोपं आहे आणि नाहीही. विधिमंडळ कायद्याचा सांगाडा करतं. अर्जाचा नमुना, शुल्क, मुदत असले तपशील ठरवायचा अधिकार तोच कायदा सरकारला देतो. त्यातून नियम आणि अधिसूचना निघतात. पुस्तकी भाषेत याला प्रत्यायोजित विधान म्हणतात. परिपत्रक म्हणजे बहुतेक वेळा खात्याने आपल्याच माणसांना दिलेली सूचना. कायद्याच्या किंवा नियमाच्या विरुद्ध ते जाऊ शकत नाही.

पण मोठेबाबांचा प्रश्न आपल्या बुलढाण्यात फार जुना आहे. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. तरी कागदोपत्री मालक निजामच! म्हणजे आपले पणजोबा इंग्रजांच्या अमलाखाली होते, पण 'ब्रिटिश हिंदुस्थानात' नव्हते. त्यामुळे कलकत्त्याला किंवा दिल्लीला झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरल अधिसूचना काढून तो लागू करत, आणि करताना त्यात फेरफारही करत. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडी मतदार मत देऊ लागले, पण निवडून आलेला माणूस कायद्याच्या लेखी सरकारने 'नेमलेला' सदस्य ठरे. पुढे १९४१ मध्ये 'बेरार लॉज अॅक्ट' करून विधिमंडळाने स्वतः बरेच केंद्रीय कायदे वऱ्हाडाला लागू केले.

जवळपास हाच प्रश्न १९५१ मध्ये दिल्लीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दुसऱ्या प्रांताचा कायदा उचलून सरकारने नुसत्या अधिसूचनेने दिल्लीला लावावा का? सात न्यायमूर्ती आणि सात वेगळी मतं! सार असं निघालं, की तपशील भरायचं काम सोपवता येतं, पण धोरण ठरवायचं मूळ काम विधिमंडळाला झटकता येत नाही. असलेला कायदा रद्द करायची मुभाही सरकारला अशी देता येत नाही.

त्या सातांत एक होते न्या. व्हिव्हियन बोस. आधी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, म्हणजे बुलढाण्याची अपिलं जिथे जात तिथले. त्याच वर्षी त्यांनी हरला नावाच्या माणसाचा खटला निकाली काढला. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा ठराव करून केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरलाला ५० रुपये दंड झाला होता. बोस यांनी दंड रद्द केला. जो कायदा लोकांना कळवलाच नाही, तो मोडला म्हणून शिक्षा करणं न्यायाला धरून नाही, हे त्यामागचं तत्त्व.

मला यातलं हेच मोलाचं वाटतं. सगळं विधिमंडळाने लिहावं हे शक्य नाही. अधिकार सोपवावाच लागतो. पण तो कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे, आणि ज्याच्यावर चालवायचा त्याला ते वाचता आलं पाहिजे. पणजोबांना विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

मोठेबाबांना म्हटलं, भांडू नका, दोनच गोष्टी विचारा. कोणत्या कलमाखाली? आणि कुठे प्रसिद्ध झालं? त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभराने परिपत्रकाची प्रत आली. त्यात त्या दाखल्याचं नावसुद्धा नव्हतं.

मोठेबाबांनी ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली आहे. "असू दे," म्हणाले, "पोरांच्या कामी येईन."