अनेक पुस्तकें, एक कथा

‘बायबल’ हें आज एका ग्रंथाचें नांव आहे. ज्या ग्रीक शब्दापासून तें आलें, तो मात्र अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा होतो. हिब्रू, अरामी व ग्रीक ह्या तीन भाषांत, अनेक शतकांच्या अवधींत तीं लिहिलीं गेलीं. त्यांत वंशावळी आहेत, कायदे आहेत, स्तोत्रें आहेत, पत्रेंसुद्धां आहेत. हीं सर्व मिळून एकच कथा सांगतात, ही समजूत ख्रिस्ती समाजांत सहजासहजीं रूढ झाली नाहीं. दुसऱ्या शतकांत तिच्यासाठीं मोठा झगडा झाला.

काळ्या समुद्राच्या कांठच्या सिनोपी शहराचा मार्सिअन हा गलबतांचा मालक रोमला आला आणि त्यानें तेथील ख्रिस्ती मंडळीस २,००,००० सेस्टर्स अर्पण केले. त्याचें म्हणणें असें कीं, इस्राएलाचा न्यायकठोर देव निराळा आणि येशूचा दयाळू पिता निराळा. तेव्हां यहुद्यांचें शास्त्र ख्रिस्ती मनुष्यानें टाकून द्यावें. लूकचें शुभवर्तमान, तेंही काटछाट केलेलें, आणि पौलाचीं १० पत्रें एवढींच त्यानें प्रमाण मानिलीं. इ. स. १४४ मध्यें मंडळीनें त्याला बाहेर घालविलें, आणि त्याचे पैसेही परत केले! धर्मकलहांच्या इतिहासांत असा चोख व्यवहार विरळाच. त्याचे ग्रंथ पुढें नष्ट झाले. त्याच्याविषयीं जें कळतें तें विरोधकांच्याच लिखाणांतून. पण त्याचा प्रश्न खरा होता. युद्धाच्या आज्ञा देणारा आणि शत्रूवर प्रीति करावयास सांगणारा देव एकच कसा?

ह्याला भरभक्कम उत्तर दिलें तें गॉल देशांतील लिआँ येथील बिशप इरेनियस ह्यानें, सुमारें १८० सालीं. त्याच्या मतें आरंभीं मनुष्य बालकासारखा होता व देव त्याला क्रमाक्रमानें वाढवीत होता; म्हणजे भेद शिक्षकांत नसून इयत्तेंत होता. एका झाडापाशीं आदामाकडून आज्ञाभंग झाला. दुसऱ्या झाडावर, म्हणजे क्रुसावर, येशूच्या आज्ञापालनानें त्याची भरपाई झाली. अशा रीतीनें पहिलें पान शेवटच्या पानाला जोडलें गेलें. शास्त्रवचनें सुटीं करून मनासारखीं जुळविणाऱ्या दुसऱ्या एका पंथाला त्यानें दृष्टांत दिला तो असा: कारागिरानें रत्नांनीं राजाचें चित्र घडवावें, आणि कोणीं तींच रत्नें उचकटून त्यांचा कोल्हा करावा.

हा दृष्टांत दुधारी आहे. यहुदी परंपरेच्या प्रचलित छापील प्रतींत अखेरचें पुस्तक ‘इतिहास’ हें असतें, आणि यरुशलेमेस परत जाण्याची कोरेश राजानें दिलेली मोकळीक हा त्याचा शेवट. प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांच्या जुन्या करारांत पुस्तकें तींच; पण शेवटीं मलाखी येतो, एलीयाच्या आगमनाचें वचन देतो, आणि पान उलटतांच येशूची वंशावळ सुरू होते. एका मांडणींत कथा स्वगृहीं परतते, दुसरींत ती कोणाची तरी वाट पाहत थांबते. रत्नें तींच आहेत. राजाचें चित्र कोणतें, ह्याविषयीं सिनेगॉग आणि चर्च ह्यांचें एकमत झालेलें नाहीं.