चांगला ब्रेक पॅड म्हणजे कोणता?

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ यांनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि पती कार्ल बेंझ यांना न सांगता त्यांची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला नेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. मोटारीने केलेला एवढा लांबचा हा पहिलाच प्रवास. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, ही हकीकत बहुतेकांनी वाचलेली असते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे घडले ते मात्र उतारावर. ब्रेकचे ठोकळे झिजून गेले. तेव्हा बर्थाबाईंनी वाटेत एक मोची गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकचे पहिले लायनिंग म्हणतात ते हेच.

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात शेतकरी हीच युक्ती घोडागाडीसाठी करीत असत. डोंगराळ मुलूख, लाकडी ठोकळा चाकावरून घसरायचा. म्हणून त्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकायचे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी हे पाहिले आणि १८९७ च्या सुमारास ब्रेकसाठी खास अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या नावाच्या रोमन अक्षरांत आणखी एक अक्षर मिसळून, त्यांची उलटापालट करून त्यांनी मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. आजही सुट्या भागांच्या दुकानात हे नाव दिसते. त्यांची सुरुवातीची अस्तरे सुती पट्ट्यांची होती. घोडागाडीला ती पुरली. मोटारीचा वेग वाढला तसा कापूस करपू लागला.

तो का करपतो, याचे गणित नववीचा विद्यार्थीही करू शकेल. १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा २ लाख जूल. ब्रेक लावून ती थांबली, की ही जवळजवळ सगळी ऊर्जा पॅड आणि डिस्क यांच्यात उष्णता होऊन उतरते. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारी तीच मोटार घ्या. उंचीतील फरक सुमारे ५५० मीटर, म्हणजे स्थितिज ऊर्जा जवळजवळ ५४ लाख जूल. एकाच घाटात मोटार २७ वेळा थांबवल्यासारखे हे झाले! ही सगळी उष्णता १० किलोग्रॅम बिडात कोंडली आणि हवेने त्यातली काहीच नेली नाही असे मानले, तर तापमान साडेअकराशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाईल. त्या आसपास बीड वितळू लागते. घाटात खालच्या गिअरमध्ये गाडी चालवा असे बजावतात ते याचसाठी. मग त्या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन घेते.

तेव्हा ब्रेकचा खरा प्रश्न घर्षण किती आहे हा नाही. तापल्यावर ते किती टिकते, हा आहे. ग्राहक मात्र शंभर वर्षे पहिलाच प्रश्न विचारीत आला आहे.

फ्रूड यांना १९०८ मध्ये उत्तर सापडले ते ॲस्बेस्टॉसमध्ये. हे खनिज तंतुमय असते, ते कापसासारखे कातता-विणता येते आणि जळत नाही. पुढे त्यात पितळेची तार विणली गेली, राळेत मिसळून त्याचे साचेही काढले गेले. स्वस्त, चिवट आणि उष्णतेला दाद न देणारा असा पदार्थ मिळाल्यावर जवळजवळ सगळ्या मोटारी त्यावरच थांबू लागल्या.

त्याच इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी, नेली केरशॉ ही कामगार स्त्री ॲस्बेस्टॉस कातण्याच्या कारखान्यात काम करीत होती. १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. फुप्फुसांत त्या खनिजाचे कण रुतून बसले होते. डॉ. कुक यांनी तिच्या रोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि १९२७ मध्ये रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव मिळाले. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नियमही झाले, पण ते कारखान्यांतील ठरावीक कामांपुरते. गॅरेजमध्ये चाक उघडून ड्रममधली भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवणारा मेकॅनिक त्यांत बसत नव्हता. रोगाला नाव मिळाल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळाने, १९९९ मध्ये, युरोपीय संघाने ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदीचा निर्णय घेतला. अमेरिकेने १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयात बहुतांशी रद्द झाली. नव्या मोटारींतून हा पदार्थ गेला तरी बाहेरून येणाऱ्या सुट्या ब्रेकांतून तो येतच राहिला, आणि त्यांना मनाई करणारा नियम निघायला २०२४ साल उजाडले. कंपनीच्या मालाबाहेरचा सुटा भाग घेताना किमतीखेरीज काय पाहायचे, या प्रश्नाचे गांभीर्य इथे कळते.

इकडे ब्रेकचा आकारही बदलत होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण धातूवर धातू घासून तो भयंकर किंचाळे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर उघडी डिस्क टिकेना. मोटारींनी बंदिस्त ड्रम पत्करला. ड्रमची अडचण अशी, की तापल्यावर तो फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरतो. डिस्क तापून जाड झाली तर उलट पॅडच्या अधिक जवळ येते, शिवाय तिला सगळीकडून वारा लागतो. हा फरक जगाला दिसला तो १९५३ च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वारने ती जिंकली आणि शर्यतीची सरासरी प्रथमच ताशी १०० मैलांवर गेली. वेग वाढला तो ब्रेकमुळे, हे वाक्य वर्गात सांगून पाहावे. वळणापाशी उशिरा ब्रेक लावता येतो म्हणून सरळ रस्त्यावर जास्त वेळ भरधाव जाता येते. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस या मोटारीला पुढे डिस्क ब्रेक आले.

शर्यतीतून आलेल्या वस्तूबरोबर शर्यतीचा तोराही येतो. बाजारात भोके पाडलेल्या डिस्क मिळतात. तापलेल्या जुन्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर पडावा म्हणून ती भोके होती. आजच्या पॅडमधून वायू फारसा निघत नाही. भोकांमुळे धातू मात्र कमी होतो, म्हणजे उष्णता साठवण्याची ताकद घटते, आणि तडे जातात ते बहुधा भोकांच्या कडेपासूनच. रोजच्या मोटारीला साधी, गुळगुळीत बिडाची डिस्क बरी, असे आम्हांला वाटते. मोठ्या पॅडबद्दलही असाच समज आहे. घर्षणबल स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे आमॉन्तों यांनी १६९९ मध्येच मांडले होते. मोठा पॅड जास्त जोराने थांबवत नाही. तो कमी झिजतो आणि कमी तापतो. आणि महागडे पॅड घेऊन ब्रेक ऑइल जुनेच ठेवणाऱ्याला काय म्हणावे? हे द्रव हवेतील पाणी शोषते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंतही उतरू शकतो. घाटात ते उकळले की नळीत बुडबुडे होतात, आणि पेडल सरळ खाली जाते.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर रोमन अक्षरांची एक ओळ छापलेली असते. अमेरिकेतील पद्धतीनुसार तिच्यातील दोन अक्षरे घर्षणगुणांक सांगतात. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफई’ असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. ‘एफएफ’ असेल तर टिकतो. युरोपातील नियम क्रमांक ९० तर सरळ म्हणतो, की बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक वेगळी असू नये. वेगळी म्हणजे कमीही नाही आणि जास्तही नाही. जास्त पकडणारा पॅड एकाच जोडीच्या चाकांवर बसला, तर पुढचे आणि मागचे ब्रेक यांचा तोल बिघडतो.

ॲस्बेस्टॉस गेल्यावर उष्णता वाहून नेण्यासाठी पॅडमध्ये तांबे आले. तेही झिजून रस्त्यावर पडले आणि पावसाबरोबर ओढ्यांत गेले. पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही सॅमन माशाची घ्राणशक्ती मंदावते, आणि शत्रू जवळ आल्याचे त्याला वासाने कळते ते कळेनासे होते. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. पॅडमधील तांबे २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत आणायचे. तेथे विकल्या जाणाऱ्या पॅडच्या खोक्यावर आता पानांची खूण असते. तीन पाने भरलेली असली तर तांबे जवळजवळ नाही असे समजायचे.

राहिली भुकटी. युरोपात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो-७ नियमांनी तिला प्रथमच मर्यादा घातली. बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. विजेची मोटार वेग कमी करताना आपली बरीचशी गतिज ऊर्जा बॅटरीत परत भरते. तिच्या डिस्क इतक्या कमी वापरल्या जातात, की त्यांच्यावर गंज चढतो. फोक्सवॅगनने २०१९ मध्ये आयडी-३ ही विजेची मोटार दाखवली, तेव्हा तिच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते. बंद असल्यामुळे गंज कमी, आणि भुकटीही आतच राहते.