ताडपत्रीतलं पान

मालट्रकवर दोरखंडांनी आवळलेली, बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगावर ओढलेली, रानात दोन झाडांच्या मध्ये ताणून बांधलेली असते ती ताडपत्री. तिच्या अंगात ताडाचं काहीही नसतं. आज ती प्लास्टिकची असते, पूर्वी जाड कॅनव्हासची असे. तरी नावात ताड आहे आणि पत्र, म्हणजे पान, आहे. डोक्यावरचं पाणी अडवणाऱ्या या वस्तूची कुळकथा त्या पानापासूनच सांगायला हवी.

शेजारच्या भाषांनी याच वस्तूला दिलेली नावं आधी बघावीत. इंग्रजीत ती ‘टारपॉलिन’. यातलं ‘टार’ म्हणजे डांबर आणि ‘पॉल’ म्हणजे पांघरायचं वस्त्र. हिंदीनं त्याचं ‘तिरपाल’ केलं. तमिळमध्ये ‘तारपाय’ म्हणतात. त्यातलं ‘तार’ डांबरच, पण ‘पाय’ म्हणजे चटई, आणि जहाजाचं शीडसुद्धा. परका शब्द घरात घेताना तमिळनं त्याला आपल्या चटईवर बसवलं. मराठी आणि गुजराती मात्र ‘ताडपत्री’ म्हणतात. या नावात डांबराला जागाच नाही. कापडाला डांबर फासण्याआधी माणूस पावसात कशाखाली बसत होता, ते हे नाव सुचवतं.

ताडाच्या पानाखाली खरोखर सैन्य झोपत असे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी 1660 मध्ये श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या माणसांच्या हाती सापडला आणि 1679 मध्ये निसटेपर्यंत तिथेच अडकून राहिला. लंडनमध्ये 1681 साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात ‘तालिपोट’ नावाच्या झाडाचं वर्णन आहे. त्याचं एक पान पंधरा-वीस माणसांना पावसात कोरडं ठेवू शकतं, असं तो लिहितो. वाळलेलं पान मजबूत असतं, तरी पंख्यासारखं मिटतं आणि मिटल्यावर माणसाच्या दंडाएवढंच उरतं. राजाचे शिपाई ते बरोबर बाळगत, वाटेत पाऊस लागला तर डोक्यावर धरत आणि रात्री त्याचाच तंबू करून खाली झोपत. मिटून नेता येणारं, उलगडलं की छप्पर होणारं, वजनाला हलकं असं ते पान होतं. आजच्या ताडपत्रीकडून याहून वेगळं काय मागितलं जातं?

ते झाड म्हणजे श्रीताड. त्याचं पान पाच मीटरपर्यंत रुंद होऊ शकतं. झाड तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतं, फळतं आणि मरतं. पोथ्या लिहायलाही याची पानं वापरत. ‘तालिपोट’ हा शब्द संस्कृत ‘तालपत्र’ यावरून आलेला, आणि तालाचा ताड झाला की तेच ‘ताडपत्र’. म्हणजे नॉक्सच्या पुस्तकातलं तंबूचं पान आणि आपल्या ट्रकवरची ताडपत्री या नावानं सख्ख्या बहिणी आहेत.

एवढं मोठं पान सगळीकडे मिळत नाही. मग लहान पानं जोडून मोठं पान करावं लागतं. ज्या भागात पाऊस तीन-तीन दिवस थांबत नाही, तिथल्या लोकांनी ही कला फार वर नेली. कोकणातलं इरलं हा तिचा सुंदर नमुना आहे. बांबूच्या कामट्यांचे दोन जाळीदार थर विणायचे, मध्ये पळसासारखी रुंद पानं एकावर एक चढवून दाबायची आणि सगळ्याला उपड्या होडीसारखा बाक द्यायचा. ते डोक्यावरून पाठीवर टाकलं की भात लावणारी बाई दोन्ही हात मोकळे ठेवून दिवसभर वाकून काम करू शकते. छत्रीला हे कधीच जमलं नसतं.

पान पाणी अडवतं ते दोन गोष्टींच्या जोरावर: उतार आणि चढती रचना. वरच्या पानाचं टोक खालच्या पानाच्या पाठीवर पडलं पाहिजे, म्हणजे थेंब एका पानावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि सांध्यात शिरत नाही. गवती छपराला साधारण 45 अंशांचा उतार लागतो तो यामुळेच. गवताला भोकं असतातच; पण थेंबाला आत वळायला सवड मिळण्याआधी तो खाली गेलेला असतो. रानात ठाकर-कातकऱ्यांची खोप असो की झावळ्यांचा मांडव, शाकारणी करणारा नेहमी खालून वर जातो, वरून खाली येत नाही.

कापडाची वाट वेगळी. सुती किंवा तागाचं घट्ट कापड भिजलं की धागे फुगतात आणि छिद्रं आपोआप बुजतात. पण आतून बोट लागलं की तिथेच पाणी पाझरायला लागतं. म्हणून कापडाला काहीतरी पाजावं लागलं. आपल्याकडे मेण पाजलं, त्यातून मेणकापड आणि मोमजामा हे शब्द आले. मोम म्हणजे मेण, जामा म्हणजे वस्त्र. उत्तर युरोपात पाइनची जंगलं होती, तिथे डांबर पाजलं. हे रस्त्यावरचं डांबर नव्हे. फिनलंड आणि स्वीडनमध्ये उतारावर नरसाळ्यासारखा खड्डा खणत, त्यात राळ भरलेली पाइनची खोडं रचत, वर माती-गवताचं झाकण घालून दिवसेंदिवस धुमसत ठेवत. तळातून काळा, दाट रस पिंपात उतरे. जहाजाचा दोर, फळी, शीड, सगळं त्यावर जगे. स्वीडनच्या राजसत्तेनं 1648 मध्ये या डांबराच्या व्यापाराची मक्तेदारीच एका कंपनीला दिली, इतकं ते मोलाचं होतं.

डांबर पाजलेलं कापड खलाशी डेकवरच्या मालावर घालत आणि स्वतःच्या अंगावरही. शेवटी खलाशालाच लोक ‘टारपॉलिन’ म्हणू लागले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या नौदलात सरदारांच्या घरातून आलेले कप्तान आणि डेकवर घासून वर आलेले ‘टारपॉलिन’ कप्तान यांचं हाडवैर होतं. पावसात भिजलेल्या माणसाला कापडाचं नाव चिकटलं, ही या शब्दाच्या प्रवासातली सगळ्यांत जिवंत गोष्ट वाटते.

डांबराच्या कापडाला उन्हात चिकटपणा येई, थंडीत ते ताठ होई आणि वास कधीच जात नसे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट घेतलं. खरा पालट मात्र 1933 मध्ये झाला. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना जास्त दाबाखालच्या एका प्रयोगानंतर भांड्यात पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. आजची निळी ताडपत्री म्हणजे त्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेलं कापड. विणीतून ताकद येते आणि थर पाणी अडवतो. कडेला धातूच्या रिंगा असतात. बाजारात ती जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर विकली जाते.

पण प्लास्टिक आलं म्हणून पानाचे नियम सुटले नाहीत. सह्याद्रीत पावसाळ्यात ताडपत्री बांधणारा अजून तेच करतो. आधी दोन झाडांमध्ये दोर ताणून कणा करतो, वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत उतरवतो, पावसाचं पाणी वळवायला भोवती चर खणतो. दोरावरून पाणी आत वाहत येऊ नये म्हणून छपराच्या बाहेर दोराला एक लोंबता सुतळीचा तुकडा बांधतो. थेंब तिथेच गळतो. ढिली बांधली तर ताडपत्री पोट धरते. एका चौरस मीटरच्या खळग्यात दहा सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते शंभर किलो भरतं. तेवढ्यानं रिंग फाटते आणि मध्यरात्री सगळं अंगावर येतं. शिवाय प्लास्टिकला श्वास नसतो. आतल्या माणसांची वाफ छताला लागून थेंब होते, म्हणून दोन टोकं उघडी ठेवावी लागतात. गवती छपरात ही अडचण नव्हती.

आपत्तीनंतर मदतसंस्था जी ताडपत्री वाटतात तिचं रूढ माप चार बाय सहा मीटर आहे. माणशी साडेतीन चौरस मीटर आसरा हवा, या मानवी मदतीतल्या किमान मापानं पाहिलं तर पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा लागतात. बांधताना उतार आणि मुडपण्यात उरलेलं कापड जातं.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात. फडाजवळच्या तळावर कोपी उभी राहते: वाकवलेले बांबू, अंगाला उसाचं पाचट किंवा चटया आणि वर ताडपत्री. तिच्या खाली चूल, अंथरूण, लेकरं आणि पुढचे पाच-सहा महिने. अवकाळी पावसाचं चिन्ह दिसलं की कोयता खाली ठेवून बाई आधी कोपीकडे पळते, ताडपत्रीची सुटलेली कड दगडाखाली दाबते आणि जिथे ती फाटली आहे तिथे पाचटाची एक जुडी खोचते, टोक खालच्या बाजूला करून.