‘परमेश्वर’ : शब्द एक, अर्थ अनेक

१/ देवनामांच्या अर्थावरून समाजमाध्यमांवर नित्य वाद झडतात. कोशातला एक अर्थ उचलायचा आणि तो सर्व ग्रंथांना लावायचा, ही त्यांतली नेहमीची गफलत. ‘परमेश्वर’ या शब्दाच्या आधारे ती तपासून पाहू.

२/ व्युत्पत्ती सरळ आहे. ‘ईश्’ म्हणजे सत्ता चालवणे. त्यावरून ‘ईश्वर’, म्हणजे सत्ताधीश, धनी. ‘परम’ जोडले की सर्वोच्च सत्ताधीश. शब्द अधिकाराचा आहे. म्हणून तो देवाला लागला, तसा राजालाही लागला.

३/ वर्धा जिल्ह्यातील देवळीचा ताम्रपट पाहा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०. ‘नागपूर-नंदिवर्धन’ या उल्लेखामुळे नागपूरच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत राजाची बिरुदे ठरावीक क्रमाने येतात : परमभट्टारक, महाराजाधिराज, परमेश्वर.

४/ म्हणजे राजा स्वतःला देव म्हणवत होता का? नाही. इतर राजांवरचा अधिराज, एवढाच येथे अर्थ. बदामीच्या चालुक्यांचे लेख तर सांगतात की, दुसऱ्या पुलकेशीने हर्षाचा पराभव करून ‘परमेश्वर’ हे नाव मिळवले. युद्धात जिंकता येणारे हे नाव होते!

५/ तेराव्या शतकात महानुभाव पंथाने याच शब्दाला काटेकोर तात्त्विक अर्थ दिला. चक्रधरांच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. देवता अनेक, त्यांची फळे मर्यादित. मोक्ष देणारा एकटा परमेश्वर. येथे ‘देवता’ आणि ‘परमेश्वर’ समानार्थी मानले, तर सूत्रपाठाचा गाभाच हातचा जातो.

६/ आता गोवा, १६१६. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले : लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी. त्यात ख्रिस्ती देवासाठी ‘परमेश्वर’ येतो आणि स्वर्गासाठी चक्क ‘वैकुंठ’. विष्णूचे धाम, पण त्यात विष्णू नाही. शब्द श्रोत्यांच्या ओळखीचा, आशय सर्वस्वी नवा.

७/ मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात हिब्रूतील चार अक्षरी देवनामाच्या जागी ‘परमेश्वर’ आहे. ते नाव उच्चारायचे नाही, म्हणून यहुदी परंपरा वाचताना ‘अदोनाय’ म्हणते. त्याचा अर्थ ‘माझा स्वामी’. म्हणजे पुन्हा सत्तेचाच शब्द. राजबिरुद आणि देवनाम यांची ही जवळीक केवळ संस्कृतपुरती नाही.

८/ सारांश : व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते, त्याचा मुक्काम सांगत नाही. देवळीचा ‘परमेश्वर’, रिद्धपूरचा ‘परमेश्वर’ आणि ‘क्रिस्तपुराणा’तला ‘परमेश्वर’ यांना एकाच अर्थाने वाचणारा तिन्ही ठिकाणी चुकतो. म्हणून देवनाम समोर आले की आधी तीन गोष्टी विचाराव्यात : ग्रंथ कोणता, काळ कोणता आणि श्रोते कोण? ‘हा शब्द मूळचा कोणाचा’ हा वाद त्यानंतर घालावा. बहुधा तोवर त्याची गरज उरत नाही.

आपल्या परिसरातील शिलालेखात वा ताम्रपटात असे बिरुद आढळले असल्यास खाली अवश्य नोंदवावे.