अक्रोडाएवढी ग्रंथी आणि तीन सत्ताधीश

८ ऑक्टोबर १९६३. लंडनमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाची बैठक सुरू आहे आणि पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन वेदनेने अस्वस्थ आहेत. आदल्या रात्रीपासून त्यांची लघवी तुंबली आहे. प्रोफ्युमो प्रकरणाने सरकारची अब्रू गेलेली, पक्षात कुजबुज चाललेली. तरीही पुढची निवडणूक आपल्याच नेतृत्वाखाली लढवायची, या निर्णयापर्यंत ते जवळजवळ आले होते. त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. १० ऑक्टोबरला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच दिवशी ब्लॅकपूलच्या पक्षाधिवेशनात परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांनी त्यांचे पत्र वाचून दाखवले. पंतप्रधान पद सोडणार होते.

राजवाड्यात जाऊन राजीनामा देण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. म्हणून १८ ऑक्टोबरला राणी एलिझाबेथ स्वतः रुग्णालयात गेल्या. खाटेवरच्या वृद्ध नेत्याने आपला वारस कोण असावा याचे टिपण वाचून दाखवले. त्या दिवशी सरकार स्थापण्याचे बोलावणे गेले ते लॉर्ड होम यांना. उपपंतप्रधान रॅब बटलर यांच्या हातून पंतप्रधानपद पुन्हा एकदा निसटले. होम यांना मग सरदारकी सोडावी लागली, पोटनिवडणूक लढवावी लागली, आणि मधले सुमारे पंधरा दिवस ब्रिटनचा पंतप्रधान संसदेच्या कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांचा पक्ष अगदी थोड्या जागांनी सत्तेबाहेर गेला.

हे सारे ज्या ग्रंथीमुळे घडले ती तरुणपणी अक्रोडाएवढी असते. मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला कड्यासारखा वेढा घालून ती बसलेली असते; वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. ‘प्रोस्टेट’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘पुढे उभा राहणारा’. मराठी परिभाषाकारांनी केलेला ‘पुरःस्थ ग्रंथी’ हा शब्द नेमका तोच अर्थ सांगतो. तो रुळला नाही, हे दुर्दैव. शरीरातील बहुतेक अवयव म्हातारपणी आक्रसतात. ही ग्रंथी मात्र चाळिशीनंतर पुन्हा वाढू लागते. पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. सगळ्यांनाच तिचा त्रास होतो असे नाही. ज्यांना होतो, त्यांची धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावे लागते आणि मूत्राशय पूर्ण रिकामे झाले असे वाटत नाही. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोग होतो असेही नाही. मात्र दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘मूत्राघात’ या नावाखाली लघवी अडण्याचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव ‘अष्ठीला’: मलमार्ग आणि बस्ती यांच्या मधल्या जागेत धरलेली, घट्ट, न हलणारी, वर उचलून आलेली गाठ, जिच्यामुळे मल, मूत्र आणि वायू तिन्ही अडतात. सुश्रुतांनी कारण म्हणून प्रकुपित वायू सांगितला. ग्रंथीची स्वतंत्र ओळख त्यांच्यासमोर नव्हती. पण जागा आणि लक्षण पाहता आजचे अनेक वैद्य हे वर्णन पुरःस्थाच्या वाढीशी जोडतात, आणि ते ओढूनताणून आणलेले वाटत नाही. युरोपात या ग्रंथीचे चित्र व्हेसालियस यांनी १५३८ मध्ये छापले. वाढलेली ग्रंथी लघवी कशी अडवते, याची शवविच्छेदनावर आधारलेली मांडणी मोर्गान्यी यांच्या १७६१ च्या ग्रंथात आली.

कारण कळले, तरी उपाय मात्र नळीच राहिला. इंग्रजी अक्षर ‘एस’सारख्या वळणाच्या कांस्यनळ्या पाँपेईच्या राखेखाली सापडल्या आहेत. मुतखड्याने हैराण झालेल्या भावासाठी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये चांदीची लवचिक नळी बनवून घेतली. एकोणिसाव्या शतकात रबराची नळी आली आणि वेदना थोडी कमी झाली. लघवी पुरती अडलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टर एकच सांगत: नळी विकत घ्या, स्वतः घालायला शिका आणि दिवसातून तीन-चारदा वापरा. इंग्रज डॉक्टरांच्या बोलण्यात या अवस्थेला ‘कॅथेटर-आयुष्य’ असे नावच पडले होते. निर्जंतुकीकरणाची जाणीव समाजात रुजण्याआधीचा तो काळ. नळी खिशात, पेटीत, टोपीत ठेवली जाई. तिच्याबरोबर जंतू आत जात, मूत्राशय सडू लागे, मग मूत्रपिंडे. कॅथेटर-आयुष्य सहसा दीर्घ नसे.

शस्त्रक्रियेचे प्रयोग चालू होते, पण विखुरलेले. फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी तर वृषणच काढून टाकण्याचा मार्ग सुचवला आणि १८९५ मध्ये अशा १११ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज हे क्रूर वाटेल; पण ग्रंथीची वाढ वृषणातल्या कशावर तरी अवलंबून आहे, हे त्यांचे अनुमान बरोबर होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे कळायला अजून अवकाश होता.

या टप्प्यावर कथेत हिंदुस्थान येतो. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात १८५१ साली जन्मलेले पीटर फ्रायर १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि वीसेक वर्षे उत्तर हिंदुस्थानात राहिले. त्या भागात मुतखड्याचे रुग्ण अमाप. पोट वा मांडीसंधीजवळ चिरून खडा काढण्याऐवजी मूत्रमार्गातून यंत्र घालून तो मूत्राशयातच फोडायचा आणि चुरा धुऊन काढायचा, ही अमेरिकन सर्जन बिगेलो यांची पद्धत फ्रायर यांनी शेकडो रुग्णांवर वापरली. रामपूरच्या नबाबाला बरे केल्याबद्दल त्यांना एक लाख रुपये मिळाले. सरकारी नोकर असलेल्या डॉक्टरने संस्थानिकाकडून एवढी रक्कम घ्यावी, हे कलकत्त्याच्या सरकारला खटकले आणि मोठा वाद झाला. रक्कम बाजूला ठेवू. फ्रायर यांनी इथून नेलेली खरी कमाई बोटांत होती. न दिसणाऱ्या जागी केवळ स्पर्शाने काम करण्याचा इतका सराव त्या काळी लंडनमध्ये फार थोड्यांना असेल.

१८९७ मध्ये ते लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात रुजू झाले. १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी सत्तरीला टेकलेल्या, नळीवर जगणाऱ्या एका रुग्णाचे ओटीपोट उघडले. मूत्राशयाला छेद दिला. एका हाताचे बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी वर ढकलली आणि मूत्राशयात घातलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटाने वाढलेला भाग सालीतून संत्र्याचा गर सोडवावा तसा सोडवून काढला. पात्याचे काम जेमतेम, बहुतेक सगळे बोटाचे. रक्तसंक्रमण नाही, प्रतिजैविके नाहीत; गरम पाण्याने धुवायचे, जाड नळी ठेवायची आणि वाट पाहायची. रुग्ण बरा झाला आणि स्वतःहून लघवी करू लागला.

जुलै १९०१ मध्ये फ्रायर यांनी पहिल्या काही रुग्णांची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली आणि वादाला तोंड फुटले. न्यूयॉर्कचे युजीन फुलर यांनी जवळपास अशीच शस्त्रक्रिया १८९४ पासून केली होती व १८९५ मध्ये ती प्रसिद्धही केली होती. एवढेच नव्हे, तर फुलर यांचे सहकारी रामोन गितेरास यांनी १९०० मध्ये लंडनला आले असताना या पद्धतीची माहिती फ्रायर यांना दिली होती. फ्रायर यांनी श्रेय वाटून घेण्याचे औदार्य दाखवले नाही. आपण अख्खी ग्रंथी काढतो, हा त्यांचा दावाही खोटा ठरला: बाहेर येत होता तो आतला वाढलेला गोळा, खऱ्या ग्रंथीची साल जागच्या जागी राहत होती. तरीही इतिहासाने त्यांच्याकडे झुकते माप टाकले, आणि त्याला कारण आहे. फुलर यांच्या मोजक्या रुग्णांकडे फारसे कुणी पाहिले नव्हते. फ्रायर यांनी मात्र १९१२ मध्ये एक हजार शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपास आणून दाखवले. रुग्ण वृद्ध, बहुतेकांची मूत्रपिंडे आधीच खचलेली; त्या काळात हा आकडा अचाट होता.

त्याच १९१२ मध्ये पॅरिसमध्ये एक सत्तर वर्षांचे राजकारणी शस्त्रक्रियेच्या मेजावर होते. जॉर्ज क्लेमान्सो एकदा पंतप्रधान होऊन गेले होते. त्यांचे राजकीय आयुष्य संपल्यात जमा होते. सर्जन आंतोनॅं गोसे यांनी त्यांची ग्रंथी काढली. आयुष्यभर पाद्र्यांशी भांडलेल्या या माणसाची शुश्रूषा केली ती जोगिणींनी. ते उठले, पुन्हा लिहू-बोलू लागले आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये, महायुद्धात फ्रान्सचा धीर सुटत असताना, वयाच्या ७६ व्या वर्षी पुन्हा पंतप्रधान झाले. व्हर्सायच्या तहाच्या मेजावर फ्रान्सच्या बाजूने बसले ते हेच. पंधरा वर्षे आधी आजारी पडले असते, तर त्यांच्या वाट्याला बहुधा रबराची नळीच आली असती.

पुढच्या सुधारणा भराभर झाल्या. १९२६ ते १९३१ या काळात पोट न उघडता मूत्रमार्गातूनच विजेच्या तारेने ग्रंथीचा अडथळा खरवडून काढणारे यंत्र अमेरिकेत आकाराला आले; गावोगावचे आजोबा ज्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, ते हेच. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशयाला हात न लावता ग्रंथी गाठण्याची वाट शोधली.

मॅकमिलन यांच्यानंतर सहाच महिन्यांनी तोच आजार फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना गाठून होता. मार्च १९६४ मध्ये शार्ल द गॉल मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेले. मेक्सिको सिटीच्या चौकात लाखोंसमोर ताठ उभे राहून स्पॅनिशमध्ये बोलणाऱ्या त्या ७३ वर्षांच्या सेनानीच्या अंगात त्या वेळी कॅथेटर होता. परतल्यावर १७ एप्रिलला पॅरिसच्या कोशॅं रुग्णालयात प्राध्यापक पिएर आबुल्केर यांनी शस्त्रक्रिया केली. आधी फक्त मोजक्या लोकांना माहीत होते. देशाला बातमी कळली ती शस्त्रक्रिया उरकल्यावर. द गॉल १९६५ ची निवडणूक जिंकले आणि १९६९ पर्यंत सत्तेवर राहिले.

मॅकमिलन यांनी मात्र आजार जगजाहीर झाला त्याच आठवड्यात सत्ता सोडण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांना कर्करोगाची धास्ती वाटली की थकलेल्या मनाला सन्मानाने बाहेर पडण्याचे निमित्त सापडले, यावर चरित्रकारांचे आजही एकमत नाही. दोन्ही थोडे थोडे खरे असावे. गाठ साधी निघाली, वयोमानाने वाढलेली. तिने आठवडाभर थांबून ब्लॅकपूलचे अधिवेशन संपू दिले असते, तर पुढचा घटनाक्रम कदाचित वेगळा असता.

व्हाइट यांच्या अनुमानाचे उत्तर अखेर डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावात मिळाले. तिथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषत्वाची लक्षणे प्रकटत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’मध्ये याचे कारण मांडले: टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूपांतर करणारे एक विकर त्यांच्यात तोकडे होते. मोठेपणीही या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी लहानच राहत होती. त्या विकरालाच रोखणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. रोज एक गोळी घेतली की काही महिन्यांत ग्रंथी हळूहळू आक्रसते. मॅकमिलन यांच्या वाट्याला ती आली नाही. पण सर्जनने केलेले काम पुरेसे ठरले. राजीनाम्यानंतर ते आणखी २३ वर्षे जगले आणि डिसेंबर १९८६ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी वारले.