मागे राहू घातलेली दोन नावे

डमडमला नोकरीनिमित्त राहत असताना रविवारी संध्याकाळी आम्हां मित्रांचा एक खेळ चाले. पाळीपाळीने जुन्या हॉकीपटूंपैकी एकेक नाव घेऊन ज्याने त्याने आपला अकरांचा संघ बांधायचा. ध्यानचंदांसाठी चुरस लागे. रेक्स नॉरिस मात्र कुणीच मागत नसे.

श्रोतेहो, खरी निवडही तेथून जवळच, कलकत्त्यात झाली होती. १९२८ साली पाच प्रांतांचे संघ तेथे आपसांत लढले आणि प्रामुख्याने त्यांतूनच ऑलिंपिकला जाणारा पहिला भारतीय हॉकी संघ निवडला गेला. परंतु पैसा पुरेना. मध्यप्रांताचे नॉरिस आणि बंगालचे शौकत अली यांना मागे ठेवण्याची वेळ आली. अखेर बंगालच्या हॉकी संघटनेने तूट भरून काढली आणि दोघेही मुंबईहून बोटीने निघाले.

२६ मे रोजी ॲमस्टरडॅमला अंतिम सामन्यात भारताने हॉलंडला ३-० असे हरवले. काही खेळाडू आजारी होते. नॉरिस मैदानावर होते. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले, एकही होऊ दिला नाही.

कागदावरचे नाव खोडायला पेन्सिल पुरते. ते राखायला मात्र कुणाला तरी पदरमोड करावी लागते.